नानांचं किट

ट्रंक. काळी, पत्र्याची, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारलेली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव, पलटण. खाली गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि सगळ्यात शेवटी जवळचं रेल्वे स्टेशन, कोरेगाव. हुद्दा दोनदा पुसलेला. शिपायाचा नाईक झाला, नाईकाचा हवालदार, आणि जुनी अक्षरं नव्या रंगाखालून अजून वाचता येतात. सातारा जिल्ह्यात एके काळी ट्रंक नसलेलं घर शोधावं लागे. अपशिंग्याच्या तर नावातच ‘मिलिटरी’ आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले, त्यांचा स्तंभ गावात उभा आहे. आता या ट्रंकांत तुरी आणि हुलगे असतात, वर कडुनिंबाचा पाला. आमच्या ट्रंकेत बाजरीचं बी होतं. ते पोत्यात ओतून मी ही यादी करायला बसलो.

बिस्तरबंद. नाही. त्याचं कापड कडबाकुट्टीच्या मशीनवर पावसाळ्यात टाकायचे. पट्टे बैलांच्या कामी आले.

अँगोला शर्ट, खाकी जर्सी. नाहीत. नाना, म्हणजे माझे वडील, 1980 साली रिटायर होऊन घरी आले आणि लष्करी कपड्यांचं त्यांना काडीचंही कौतुक नव्हतं. जर्सी रात्रीच्या पाळीला उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या गड्याच्या अंगात कितीतरी वर्षं होती. बटणं तेवढी काढून घेतलेली. पितळी बटणं सरकारी, ती परक्याच्या अंगावर नकोत, एवढा एकच नियम.

ब्रासोचा डबा. रिकामा, झाकण गंजलेलं. पलटणीत बिल्ले आणि बक्कल घासायची सवय लागलेली. घरी बिल्ले नव्हते, म्हणून नानांनी टाळ घासायला घेतले. पंढरपुरात घेतलेले जाड काशाचे टाळ, दोरी सुती. दर दशमीला ओसरीत पोतं अंथरून बसायचे, जुन्या बनियनच्या चिंधीवर थेंबभर ब्रासो, आणि वाटीच्या आतल्या अंगाला अंगठ्याने गोल गोल. बाहेरून सगळेच घासतात, माणूस कळतो तो आतल्या बाजूला, असं त्यांना कुणीतरी सुभेदाराने शिकवलेलं. देवघरातली समई, घंटा, निरंजन यांनाही ते तोच डबा लावायला गेले, तेव्हा आईने तो हातातून काढून घेतला. “द्येवाला त्यो वास न्हाई चालायचा.” तिथे चिंचच. ही हद्द मग कायमची ठरली: ओसरीत ब्रासो, देवघरात चिंच. टाळ आहेत. घासत कुणी नाही.

अंतर्देशीय पत्रं. फिकट निळी, सुतळीत बांधलेली, घडीवर फाटलेली. पत्ता पाठवणाऱ्याचा: नंबर, हुद्दा, पलटण, मार्फत 99 एपीओ. पूर्वेकडच्या फौजेची टपाल याच एका आकड्यावर जायची, पश्चिमेकडची 56 वर. म्हणजे मुलगा आसामात आहे की नागालँडात, नदीकाठी आहे की डोंगरावर, हे आजीला कधीच कळलं नाही. तिला आकडा माहीत होता. शेजारीण विचारायची, “कुठं असतो गं ल्योक?” ती सांगायची, “नव्व्याण्णवाला.”

मजकूर बहुतेक पत्रांत सारखाच. इकडील सर्व क्षेम आहे, तिकडील कळवावे. म्हैस व्यायली का. विहिरीला पाणी किती. देवळाच्या कळसाला वर्गणी माझ्या नावाची लिहा. आईचा, म्हणजे बायकोचा, उल्लेख शेवटच्या ओळीत ‘घरची मंडळी’ म्हणून, कारण पत्र शाळेतले गुरुजी पारावर बसून मोठ्याने वाचणार हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक. त्या वेळच्या नवरा-बायकोचं खासगी असं जे काही होतं ते टपालात नव्हतं. मी सगळी पत्रं चाळली. ज्या दोन गोष्टींची उत्सुकता होती, लढाई आणि देव, त्यांवर एकही ओळ नाही.

मनीऑर्डरची पावती. एकच सापडली. खालच्या कुपनावर, जिथे दोन ओळींची जागा असायची तिथे, ‘रु. 11 सप्ताहास द्यावे.’

तार. घरात तार एकही नाही, पण तारेची आठवण सगळ्यांना आहे. फौजेत मुलं असलेल्या गावात तारवाला दिसला की बायका आधी रडायच्या, मग तार फोडायच्या. उलट दिशेची तार मात्र गमतीची असे. पेरणी आली, लग्न ठरलं, भावकीचा वाद पेटला, की गावाकडून पलटणीला तार जायची: आई सिरियस, ताबडतोब निघा. कमांडरलाही माहीत असे की मराठ्यांच्या आया जून महिन्यात फार आजारी पडतात. आमच्या भावकीतल्या एका म्हातारीला तिच्या तीन मुलांनी मिळून इतक्या वेळा सिरियस केलं, की ती खरी गेली तेव्हा कुणाला रजाच मिळेना. नानांनाही आषाढात ही सोय होती. त्यांनी वापरली नाही. खोट्या तारेवर पांडुरंगाला भेटायला जायचं, हे त्यांना पटेना. नोकरीत असताना त्यांची आषाढी बहुधा हुकलीच. 14 जुलै 2013 च्या रात्री देशातली तार बंद झाली. त्याच आठवड्यात पंढरपूरची वारी वाटेवर होती, त्यामुळे गावात त्याची चर्चा फारशी झाली नाही.

मेडलं. आईच्या जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यात. पूर्वी स्टार, संग्राम मेडल, सैन्य सेवा, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं. फिती कसरीने खाल्लेल्या. 15 ऑगस्टला शाळेत झेंड्याला जाताना नाना ती लावायचे, बारा वाजता काढून ठेवायचे.

पूर्वी स्टारची हकीकत मी पुस्तकांतून जमवली. नाना जंगी पलटणीत होते, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, 1768 सालच्या. 1971 च्या डिसेंबरात ही पलटण 95 माउंटन ब्रिगेडबरोबर उत्तरेकडून खाली उतरली आणि ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागे जाऊन बसली. गावात बलुच पलटण होती. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून आली. 10 डिसेंबरच्या रात्री त्या पलटणीने टांगाइलच्या रस्त्याने बाहेर पडायचा प्रयत्न केला, तेव्हा रस्ता अडवून मराठे खंदकात होते. सकाळपर्यंत जमालपूर पडलं. त्याच 11 तारखेला टांगाइलला छत्रीवाले उतरले, आणि ती पॅरा पलटणही मुळात मराठ्यांचीच, जुनी तिसरी. 16 ला ढाका.

नानांकडून आलेलं एवढंच: जमीन ओली होती, आपल्याकडं कृष्णाकाठी असते तशी, त्यामुळे खंदक लवकर झाला. आणि ढाक्याच्या वाटेवर मार्गशीर्षातली वद्य एकादशी आली. रेशनच्या पाकिटात शकरपारे होते. ते गव्हाचे. खाल्ले. एवढं सांगून ते थांबायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं आता पुढे काहीतरी येईल. पुढे काही नसायचं. माणसं मेलेली त्यांनी पाहिली असणार, मारलीही असणार. बोलायची गोष्ट म्हणून त्यांनी मोडलेला उपास निवडला. यावर मी पुष्कळ विचार करून पाहिला आहे आणि माझं मत असं, की ते काही लपवत नव्हते. लढाईचा हिशोब पलटणीकडे होता, त्यात त्यांचं नाव होतं, तो विषय संपला. एकादशीचा हिशोब कुणाकडे लिहिलेला नव्हता, म्हणून तो ते स्वतः बाळगून होते.

रमचा कोटा. रिटायर झाल्यावर त्याच वर्षीच्या आषाढीला नानांनी पंढरपुरात माळ घातली. त्याआधी लंगरचं मटण खात आणि थंडीच्या चौकीवर मिळेल ते घेत. माळ पडल्यावर कँटीनच्या कार्डावरचा कोटा तसाच राहिला, आणि गावाला त्याचा शोध लागायला आठवडाही गेला नाही. सोसायटीचे संचालक, पोलीस पाटील, एकदा तर शेजारच्या गावचे एक कीर्तनकार, सगळे आडून आडून येऊन गेले. “न्हाई तरी वाया चाललाय, मेजर.” गावात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर. नाना म्हणायचे, “वाया जाऊ दे.” साबण, चहा आणि आईला प्रेशर कुकर एवढंच त्या कार्डावर घरात आलं. कार्ड आता बाद झालं.

मेस टिन. अल्युमिनियमचा, दोन भागांचा, मुठीला तारेची कडी. वारीत महाप्रसाद यातच. पत्रावळीवर जेवणाऱ्या मंडळींत हा एकच डबा खडखडायचा. ठोका पडून एका बाजूला बसला आहे. नातवाने परवा विचारलं, हा लंचबॉक्स कुठल्या कंपनीचा.

वारीचं ब्लँकेट, करडं, कोपऱ्यावर बाणाचा सरकारी शिक्का. वाहतुकीचा ट्रक, राहुटी, गादी या गोष्टी दिंडीत पुढे आल्या. तरी नाना ब्लँकेटची घडी स्वतः घालायचे, चौकोनी, कडा जुळवून. वारीबद्दल इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण नानांचा फौजेतला आणि माळेतला जन्म इथेच जोडलेला होता, आणि तो जोड त्यांनी केलेला नाही.

आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुकांचा जो सोहळा आज निघतो, त्याची शिस्त बसवली हैबतबाबा आरफळकरांनी, 1832 च्या सुमाराला. आरफळ सातारा तालुक्यातलं, आमच्याकडून फार लांब नाही. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी ग्वाल्हेरला सरदार होते. गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी अडवलं, कोंडून ठेवलं, तिथे त्यांनी हरिपाठ चालू ठेवला आणि सुटका झाली, अशी कथा सांगतात. ते मग आरफळला न येता आळंदीलाच राहिले. पालखीला घोडे आणि तंबू अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आले, आणि चाल ठरवली ती लष्कराची. रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीला नंबर, आणि आपला नंबर सोडून कुणी पुढे घुसायचं नाही. पहाटे पहिला कर्णा झाला की तंबू सोडायचे, दुसऱ्याला रांगेला लागायचं, तिसऱ्याला कूच. तळावर पोचल्यावर समाजआरती. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार चोप वर करतो आणि लाखभर माणसांत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होते.

एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर तिने गप्प व्हायचं नाही. टाळ वाजवत राहायचं. मग चोपदार त्यांच्यापाशी येतो, गाऱ्हाणं ऐकतो, निवाडा होतो आणि मगच आरती पुढे सरकते. हरवलेल्या वस्तूंची पुकारही तिथेच होते. नानांना या रिवाजाचं विलक्षण अप्रूप होतं. फौजेत तक्रार करायची तर अर्जी, ती लान्स नाईकापासून वर चढत जायची, आणि वर पोचेपर्यंत तक्रार करणारा रजेवर गेलेला असायचा. “हितं बघ, नुसता टाळ वाजवायचा. मालकालाच यावं लागतं.” हे सांगताना ते खूश दिसायचे, आणि ते खूश दिसणं विरळाच.

नाना लोणंदला सामील व्हायचे. नीरेत पादुकांना स्नान होऊन पालखी आमच्या जिल्ह्यात येते, तो पहिला मुक्काम. चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण होतं. बाकीचे घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. नाना रांग धरून उभे राहायचे, कारण रांग मोडायचा हुकूम झालेला नाही. सगळी माती लोक घेऊन गेले की मग वाकायचे. पायांत पीटी शूज, अंगात सदरा-धोतर, डोक्यावर फेटा नव्हे, साधी टोपी. चालताना बोलायचे नाहीत, आणि अभंगाच्या ठेक्यात पाऊल टाकायचे असं कुणाला वाटत असेल तर तेही नाही. ठेका हळू असतो. ते दिंडीच्या कडेने आपल्या चालीने जायचे, पुढे जाऊन थांबायचे, दिंडी आली की पुन्हा.

गुडघे गेल्यावर लोणंद ते फलटणच. नंतर तेही नाही. आता तो रस्ता चौपदरी झाला आहे, झाडं गेली, आणि तरडगावच्या अलीकडे ज्या वडाखाली त्यांची दिंडी दुपारची भाकरी खायची तिथे दुभाजक आहे.

पहाऱ्याची यादी. वहीचं पान, चार घड्या. आमच्या गावात चैत्रात अखंड हरिनाम सप्ताह बसतो, आणि सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नसते. गळ्यात घालून कुणीतरी उभंच राहायचं, रात्रीसुद्धा. पूर्वी हे राम भरोसे चालायचं. पहाटे विणेकरी खांबाला टेकून झोपलेला सापडायचा. नाना आल्यावर त्यांनी यादी सुरू केली. दोन तासांचा पहारा, बदली येऊन समोर उभी राहिल्याशिवाय वीणा सोडायची नाही, बदलीच्या माणसाला उठवायची जबाबदारी आधीच्याची. देवळाच्या दारावर खिळ्याला कागद: वेळ, नाव, आळी. शाई निळी, रेघा पट्टीने मारलेल्या. रात्री 2 ते 4 हा पहारा कुणालाच नको असतो. प्रत्येक यादीत त्या रकान्यात एकच नाव आहे.

एका वर्षी मी कॉलेजातून सुट्टीला आलो होतो. रात्री अडीचच्या सुमाराला देवळात गेलो तर हंडीचा दिवा, झोपलेलं कुत्रं आणि गळ्यात वीणा घेऊन नाना. नाम घेत होते, पण ओठ हलतील इतकंच. विचारलं, नाना, अशा वेळी मनात काय असतं? भाव जागा होतो का? त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, “भावबिव मला न्हाई कळत. येळंवर उभं ऱ्हायाचं, आन् बदली आल्याबिगर हलायचं न्हाई. बाकीचं त्येचं त्यो बघंल.” मला वाटतं धर्म आणि नोकरी या दोन्हींबद्दल त्यांचं मत इतकंच होतं. विद्वानांना ते थोडं पडेल. गावाचा सप्ताह मात्र त्यावर चालला.

आता पहाऱ्याची यादी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर येते. नावापुढे अंगठा येतो. माणूस येईलच असं नाही, म्हणून रात्रीच्या पहाऱ्याला दोन वर्षांपासून बाहेरून मंडळी आणतात, मानधनावर.

हरिपाठ. हा वस्तू म्हणून ट्रंकेत नव्हता, नानांना पाठ होता. 27 अभंग, संध्याकाळी देवळात, उभ्याने. जुनी सरळ चाल, जिच्यात कुणाचाही आवाज बसतो. आज पोरं हरिपाठ म्हणतात, पावल्याही खेळतात, पुष्कळ चांगल्या खेळतात, पण चाल सिनेमाची आणि लाऊडस्पीकर सोसायटीपर्यंत. जुनी चाल येणारे गावात तीनच म्हातारे आहेत, आणि त्यांतल्या एकाला ऐकू येत नाही. कुणीतरी मोबाइलवर ती भरून घ्यायला हवी. हे मी मलाच सांगतो आहे.

कालनिर्णय. मागच्या भिंतीला खिळ्यावर, जुनी वर्षं खाली, नवं वर. एकादशीला नानांची निळी फुली, पेन्शनच्या तारखेला लाल. म्हशीला रेडा दाखवल्याची तारीख कोपऱ्यात. एका चौकोनात ‘दाखला’. तो नोव्हेंबर असणार.

हयातीचा दाखला. पूर्वी नोव्हेंबरात तालुक्याला जाऊन साहेबासमोर उभं राहायचं आणि सही करायची. नाना इस्त्रीचा सदरा घालून जायचे. 2014 पासून अंगठ्याचं यंत्र आलं. खुरपं आणि टाळ यांनी घासलेल्या अंगठ्याच्या रेषा यंत्राला दिसेनात. यंत्रावरचं पोरगं म्हणालं, आजोबा, दुसरं बोट द्या. दहाही बोटं झाली. शेवटी कागदावर सही, पूर्वीसारखी. बाहेर येऊन नाना म्हणाले, “मी हाय, एवढं त्येला पटलं.”

रेडिओ, फिलिप्सचा, चामडी कव्हरात. सेल काढून ठेवलेले. बातम्या आणि भक्तिगीतं, बाकी वेळ बंद.

हिंदी. नानांची हिंदी फौजेतली होती आणि ती फक्त बैलांशी आणि आम्हा मुलांशी वापरली जायची. पहाटे उठवताना ‘स्टँड टू’. सूर्योदयाच्या आधी सगळ्यांनी हत्यारासह खंदकात तयार राहायचं, तो हुकूम. कार्तिकात काकड्याची वेळ जवळपास तीच, त्यामुळे आम्हाला दोन्ही एकच वाटायचं. मी लहानपणी देवळात दिवा धरून उभा असताना समोरून पाकिस्तानी येतील म्हणून पूर्वेकडे बघत असे.

तुळशीची माळ. नाही. ती त्यांच्याबरोबर गेली, रीतच तशी आहे. त्या दिवशी जिल्ह्यातले माजी सैनिक टोप्या घालून आले, पुष्पचक्र घेऊन. दिंडीवाले टाळ घेऊन. पुढे कोणी चालायचं यावर वेशीपाशी थोडी कुजबुज झाली. दिंडीतल्या एका म्हाताऱ्याने निकाल दिला: मेजर कुणाला पुढं घुसू देत नव्हता, तवा त्येला आधी जाऊ द्या. सगळे मागून चालले.

जोडीचा फोटो. कोरेगावच्या स्टुडिओत काढलेला, मागे पडद्यावर बाग. नाना टोपीत, आई डोक्यावर पदर घेऊन, दोघांमध्ये वीतभर अंतर. दोघांचा एकत्र असा हा एकच फोटो, आणि तोही हौसेने काढलेला नाही. पेन्शनच्या कागदाला नवरा-बायकोचा जोड फोटो लागतो म्हणून काढलेला.

डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा हुकूम. या यादीतली शेवटची आणि सगळ्यात पातळ वस्तू. पाठीमागच्या पानावर वारसांची नोंद. बायकोचं नाव नानांनी तोंडी सांगितलेलं, कारकुनाने ऐकून लिहिलेलं, माहेरचं. लग्नात आमच्याकडे नाव बदलतात; आधार कार्डावर आईचं नाव सासरचं. जन्मतारखेच्या जागी आडवी रेघ, कारण आईला ती माहीत नाही आणि कुणी विचारलीही नव्हती. नाना होते तोवर त्या रेघेने काही बिघडलं नाही. ते गेल्यावर कुटुंब पेन्शनसाठी तीच रेघ आडवी आली. या दोन नावांची बाई एकच आहे, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, दोन साक्षीदार, पुन्हा प्रतिज्ञापत्र. खिडकीवरच्या माणसाने आईला विचारलं, “तुम्ही याच्याच बायको कशावरून?” ती म्हणाली, “फोटू बघा की.” काम झालं, पण आठ महिने गेले.

म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात माजी सैनिक आहेत त्यांना सांगतो. आजच त्यांचं डिस्चार्ज बुक आणि पीपीओ काढा. आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन अर्ज कसा करायचा ते विचारून घ्या. तिथे माहिती देतात, पैसे लागत नाहीत. वडील हयात आहेत तोवर त्यांच्या सहीने हे काम होतं, तेव्हाच करून घ्या.